तुळस लावलेली मशीन

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या गल्लीत गच्च्या बोलायला लागतात. लातुरात क्लासवाल्यांच्या भागात, मुलींच्या हॉस्टेलांच्या पाठीमागं माझं पत्र्याचं शेड आहे. दिवस उजाडतो न उजाडतो तोच वरून पाठांतर सुरू होतं. कुणी हाडांची नावं घोकतं, कुणी झुरळाचे पाय मोजतं, कुणी नुसतंच रडतं. परीक्षेचा मोसम. झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून तापलेल्या कागदाचा वास येतो, टँकरचा भोंगा वाजला की घागरी घागरींवर आपटतात, गावाकडून आलेल्या आया पोरींसाठी धपाटे बांधून आणतात आणि पायरीवर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहतात. लोकांना या दिवसांचं मोठं कौतुक. मला नाही. हा मोसम आला की माझं डोकं तापतं, आणि ते उन्हानं नाही.

आधी माझ्या मशीनबद्दल सांगते, त्याशिवाय तुम्हाला माझा राग कळायचा नाही.

माझ्याकडं नाण्यावर चालणारी कपडे धुवायची मशीन आहे. हसू नका. आमचे हे मोटारी बांधायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचे. एकदा ते मुंबईला गेले आणि बंदराकडच्या खलाशांच्या वसतिगृहातून निघालेल्या जुन्या परदेशी मशीनी ट्रकमध्ये घालून घेऊन आले. पांढऱ्या, बुटक्या, गायीसारख्या जड. प्रत्येकीच्या पुढं एक लोखंडी पट्टी बाहेर आलेली, तिला आम्ही जीभ म्हणायचो. जिभेत एक खाच. खाचेत नाणं ठेवायचं, जीभ आत ढकलायची, आत कुठंतरी खट्‍ वाजायचं आणि मशीन सुरू व्हायची. मधोमध ताक घुसळल्यासारखं कपडे फिरवणारा खांब. त्याला काय म्हणतात ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, मी त्याला रवी म्हटलं आणि ते नाव गल्लीभर झालं. परदेशी नाणं इथं कुठून मिळणार, म्हणून यांनी कानस घेऊन त्या खाचा आपल्या जुन्या जाड रुपयाच्या मापाच्या केल्या. पुढं तो रुपयाही दिसेनासा झाला. मग मी लेथवाल्याकडून पितळेचे बिल्ले कापून घेतले. पोरी बिल्ला घेतात, जीभ ढकलतात, भिंतीला टेकून पुस्तक उघडतात. अजूनही.

यांनी त्यातल्या काही मशीनी विष्णुपुरीला कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांवर दिल्या, एक नांदेडच्या लॉजवर, बाकीच्या इथं लावल्या. हे गेल्यावर मी या मशीनींचे सुटे भाग जमवायला शिकले. शिकले म्हणजे काय, बिघडवत बिघडवत शिकले. कुठं मशीन बंद पडली असं कानावर आलं की मी पोतं आणि पाना घेऊन एसटीत बसायची. विष्णुपुरीच्या, लॉजवरच्या मशीनी अशाच एकेक करून खोलून आणल्या. माझ्या शेडमध्ये खिळ्यांना स्प्रिंगा लटकतात, जशा तुमच्या स्वयंपाकघरात गाळण्या. पापडाच्या डब्यात व्हॉल्व्ह, लोणच्याच्या बरणीत रबराच्या रिंगा, आणि त्यांच्यावर तोंडाला लावायची पावडर. पावडर नसली तर रबर रबराला चिकटतं आणि उन्हाळ्यात गूळ होतो. मशीनची वेळ लावायची घड्याळं मी माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवली आहेत. शालू दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा होता?

आमच्याकडचं बोअरचं पाणी लोखंड खातं. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी येते. असल्या पाण्यात ही म्हातारी यंत्रं चालवायची म्हणजे एकीचं काळीज दुसरीत घालत राहायचं. हळूहळू तीन गेल्या, दोन गेल्या, आणि एकच चालती राहिली.

आता थोरली.

थोरली म्हणजे माझी थोरली जाऊ. मुरुडची. मोठ्या बाजारगावची म्हणून आल्या दिवसापासून नाक वर. आम्ही दोघी एकाच अंगणात, मधे कमरेएवढी भिंत. तिच्या बाजूला पक्कं घर, माझ्या बाजूला शेड. तिचे मालक, म्हणजे माझे थोरले भाऊजी, सकाळी लिंगपूजा करून कडुनिंबाखाली बाजेवर बसायचे ते दुपार कलली की उठायचे. आमच्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. पदर पुढं घ्यायचा, वाट सोडायची, काही सांगायचं असेल तर जावेला सांगायचं, जाऊ त्यांना सांगणार. त्यांचं उत्तर जाऊच घेऊन येणार. लग्न होऊन आल्यापासून मी भाऊजींशी एक शब्द बोलले नव्हते, आणि ते माझ्याशी. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

यांचे दिवस झाले, पाहुणे गेले, आणि थोरली माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"हे म्हनले," ती म्हणाली, "मशीन चालती तवर शेड शकूचं. मशीन बंद पडली की जागा मोकळी करायची."

जागा भाऊजींच्या नावावर. मी कुणाला विचारणार? लेक अर्धापूरला दिलेली. तिला मधे घालायचं तर घरातली गोष्ट जावयाच्या गावात केळीच्या गाडीबरोबर हिंडली असती. मी पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, बरं.

त्या एका 'बरं'वर मी वर्षानुवर्षं जगले. मशीनच्या आवाजात जरा फरक पडला की जेवताना हात थांबायचा, कान तिकडं. पट्टा कुरकुरतोय का, पंप धापा टाकतोय का. बाया लेकराच्या खोकल्याला जशा जाग्या होतात, तशी मी त्या लोखंडाला.

यांची एक बंद पडलेली मशीन सामानाच्या वाटणीच्या गडबडीत थोरलीच्या बाजूला राहिली होती. तिची गिअरपेटी चांगली होती, मला पक्कं ठाऊक होतं. एक दिवस मी पाना घेऊन भिंतीला वळसा घातला. थोरलीनं मला येताना बघितलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मशीनच्या टबात माती भरलेली, मातीत तुळस लावलेली, पुढं रांगोळी आणि जिभेच्या खाचेत हळदकुंकू.

बघा, किती हुशार बाई. शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती. कुलूप लावलं असतं तर तोडलं असतं. पण तुळशीखालून गिअर कसा काढणार? तिनं मला देव आडवा घातला. मी तिथंच उभी राहून इतकं बोलले की कडुनिंबावरचे कावळे उठले. ती शांतपणे दिव्यात तेल घालत राहिली. त्या दिवसापासून आमचा अबोला.

अबोला म्हणजे न बोलणं नव्हे, शहरातल्या लोकांना वाटतं तसं. एका अंगणात न बोलता राहता येत नाही. आम्ही भिंतीशी बोलायचो. ती तुळशीला पाणी घालताना तुळशीला म्हणायची, "काही लोकं जागा अडवून राहिली बाई, निघता निघंनात." मी कपडे पिळताना मशीनला म्हणायची, "तू चाल गं माय, कुनाच्या पोटात दुखतंय त्याचं औषध आपल्याकडं न्हाई." ती दर चार-आठ दिवसांनी हॉस्टेलच्या एखाद्या पोरीला हटकायची, "मशीन बंद पडली का गं?" गोड आवाजात. पोरी म्हणायच्या, आज्जी किती काळजी करतात तुमची. मी बिल्ले मोजायची. काय सांगणार त्या लेकरांना.

अबोल्याचा एक तोटा मात्र झाला. भाऊजींपर्यंत जायची माझी एकच वाट होती आणि ती थोरलीच्या तोंडातून जात होती. तीही बुजली.

आणि मग तो मोसम आला, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

पाणी असं नव्हतंच. टँकर कधी यायचा त्याचा नेम नाही. पोरी अंघोळीचं पाणी बादलीत धरून माझ्याकडं आणायच्या, त्यात कपडे धुवायला. परीक्षा तोंडावर, अंगावरचे कपडे घामानं कडक झालेले, आणि हातानं धुवायला ना पाणी ना वेळ. टँकरपाशी बायांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. त्या धुळीत, त्या भांडणात माझी मशीन चालत होती, आणि एक दिवस भर दुपारी ती कडकडली. दाताखाली खडा यावा तसा आवाज. मग रवी थांबली, नुसती मोटर गुणगुणत राहिली.

खोलली. रबर झिजून पाणी गिअरच्या तेलात उतरलेलं. तेलाचं पिठलं झालेलं. पितळी चाकाचे दात म्हातारीच्या हिरड्यांसारखे सपाट. लेथवाल्याकडून घाईनं एक चाक कापून घेतलं. ते बसवलं तर दातात दात बसेना, पहिल्याच घाण्यात त्याचा भुगा झाला. माझ्या साठ्यात तसला गिअर उरला नव्हता. सगळ्या लातुरात एकच होता, तुळशीखाली.

मी शेडचं दार लावून घेतलं. पोरींना म्हटलं, पाणी न्हाई म्हणून बंद ठेवलीय. पण भिंतीपलीकडं बसून आवाज ऐकणाऱ्या बाईला शांतता ऐकू येत नाही का? सकाळी दार उघडलं तर पलीकडं तुळस तेलाच्या डब्यात आलेली आणि मशीनच्या जागी ओलसर चौकोन. भंगारवाल्याच्या गाड्याचे वण अंगणभर.

थोरली तुळशीला म्हणाली, "मोठी झाली बाई तू, जागा पुरंना म्हनून बदलली."

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहीत नाही. कागद काळा होईल.

गाडेवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, जड माल नांदेडच्या भंगार बाजारात गेला, सकाळच्या टेम्पोनं. मी पोतं घेतलं, पाना घेतला, स्टँडवर गेले. अहमदपूर, लोहा, दोन्ही बाजूला करपलेली रानं, आणि एसटीच्या खिडकीतून भट्टीच्या तोंडासारखा वारा. नांदेडच्या बाजारात लोखंडाचे डोंगर. जुने कूलर, सायकली, दवाखान्यातले पलंग. मी तोंडाला पदर बांधून एकेक ढीग पालथा घातला. आणि दिसली. टबात अजून माती, मातीत तुळशीच्या मुळांचं जाळं, खाचेत वाळलेलं कुंकू. एक माणूस घण घेऊन तिच्यापुढं उभा.

"थांब रे," मी ओरडले.

मालक खुर्चीतून उठून आला. पांढरी दाढी, हातात चहाची बशी. "क्या हुआ, अम्मा?"

"ही मशीन माझी हाय."

"तुमची हाय? मग फेकली कशाला?"

"मी न्हाई फेकली. जिनं फेकली तिचं नाव घेऊन भर उन्हात तोंड खराब करत न्हाई."

तो हसला. "बाईबाईचं भांडण दिसून राहिलंय. अम्मा, मैं तो लोहा लिया हूँ, भांडण नहीं लिया."

मी त्याला म्हटलं, तुम्हाला हवंय मोटरीतलं तांबं. तुम्ही मोटर जाळणार, धूर करणार, तांबं काळं करणार. मी तुम्हाला तार सोडवून देते, लाल लखलखीत. त्याच्या बदल्यात मला खालची गिअरपेटी द्या. त्यानं बशीतला चहा संपवला, खुर्ची सावलीत ओढली आणि मला पाट दिला. यांच्याजवळ बसून जे बघितलं होतं ते त्या दिवशी हातांनी केलं. तार सोडवली. मग मशीन उलटी करून पेटी काढली, झाकणाचे बोल्ट घामानं भिजलेल्या हातांनी ढिले केले. भीती एकच, तुळशीचं पाणी आत उतरलं असेल. झाकण उघडलं. तेल काळंभोर, पण तेलच. चाकाचा प्रत्येक दात जागेवर. थोरली तुळशीलासुद्धा वाटीभरच पाणी घालायची ना. तिच्या कवडीचुंबकपणानं माझा गिअर वाचवला. देवाचे आभार मानावे की तिचे, हा प्रश्न मी तिथंच सोडवला, देवाचे मानले.

परतीच्या गाडीत पोतं मांडीवर. तेल ठिबकत होतं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कुनाचं मुंडकं हाय का काय पोत्यात?"

"अजून न्हाई," म्हटलं.

मशीन सुरू झाली तेव्हा गच्चीवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. रवी फिरली, फरशी थरथरली, पत्रा वाजायला लागला. मी तशीच बाहेर आले. हात कोपरापर्यंत काळे, पदर खांद्यावरून ढळलेला, आणि भाऊजी कडुनिंबाखाली बाजेवर. थोरली दारात तांदूळ निवडत. आणि मला काय झालं माहीत नाही, मी पदर सावरला नाही. सरळ बाजेपुढं जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींशी बोलले.

"भाऊजी, मशीन चालू हाय. ऐकू येतंय ना? आता शेड माझं हाय का न्हाई, ते तुमच्या तोंडानं सांगा."

भाऊजींनी मान खाली घातली. सवयीनं. मग वर बघितलं. "शेड?" ते म्हणाले. "शेड तर तुझंच हाय. भाऊ गेला तवाच म्हनलो होतो मी हिला, सांग तिला, ऱ्हा म्हनावं सुखानं, कुनी उठवनार न्हाई. मशिनीचा काय संबंध?"

सुपातले तांदूळ थांबले.

"काय गं?" भाऊजी दाराकडं बघून म्हणाले.

थोरली मला नाही, त्यांनाही नाही, सुपाला म्हणाली, "एकटं मानूस. हात चालते ऱ्हावेत, जिवाला हुरूप ऱ्हावा, म्हनून आपलं म्हनले."

हुरूप.

मी त्या बाईच्या भिंतीला लागून एक निरोप घेऊन राहिले, जो कुणी दिलाच नव्हता. सणासुदीला माहेरी गेले नाही, मशीन बंद पडेल म्हणून. लेकीच्या बाळंतपणाला दोन दिवस राहून परत आले, मशीन बंद पडेल म्हणून. एक माणूस दहा पावलांवर बाजेवर बसलेला, चांगला माणूस, आणि मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं म्हणून. पदराआड मान घालून जगलेल्या माझ्या पिढीच्या बायांचं असंच झालं असेल. किती जणींच्या दारात असे निरोप येऊन उभे राहिले, आणि मधेच कुणीतरी त्यात आपलं मीठ टाकलं. कोण तपासणार? मीठ टाकणारीही आपल्यातलीच, हे जास्त जळतं.

भाऊजी पुढं दोन-तीन उन्हाळ्यांनी गेले. जाण्याआधी जागेचा कागद माझ्या नावानं करून गेले. मी बाजेपुढं उभी राहिले त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे, थोडंसं, लाजत, "चाललीय का मशीन?" म्हणून. मी सांगायची, चाललीय. तीच चौकशी थोरली करायची तेव्हा अंगावर काटा यायचा, आणि त्यांनी विचारलं की बरं वाटायचं.

यंदा पुन्हा गच्च्या बोलायला लागल्या आहेत. पलीकडं पक्कं घर पाडून थोरलीच्या लेकानं हॉस्टेल बांधलंय, त्यात फोनवर चालणाऱ्या नव्या मशीनी. दिसायला देखण्या. बोअरच्या पाण्यानं त्यांच्यातलं प्लॅस्टिक वर्षाच्या आत कुरकुरीत होतं. तिथल्याही पोरी भिंतीला वळसा घालून माझ्याकडं येतात. त्यातली एक किनवटची पूजा, मला सारखी बोलतं करते. तिला मी ही सगळी गोष्ट सांगितली. ती जरा विचार करून म्हणाली, "पण आज्जी, त्या खोटं बोलल्या म्हणूनच तर तुम्ही इतकं शिकलात."

हे मला पुष्कळांनी ऐकवलंय. लेकीनंही. मी पूजाला म्हटलं, "साप मागं लागला म्हणून मी पळायला शिकले. आता त्या सापाला ओवाळू का?" ती हसली. मी नाही हसले. लोकांना सगळ्याचा शेवट गोड हवा असतो. माझा राग मी माझ्या गिअरांसारखा ठेवलाय, तेलात बुडवून. गंज चढू देत नाही.

परवा पूजाच निरोप घेऊन आली. "पलीकडच्या आज्जी म्हणतात, त्यांची जुनी गोधडी आहे, लुगड्यांची, नव्या मशीनला पेलत नाही. तुमच्याकडं धुवून मिळेल का?"

"मधल्या माणसाच्या हातून आलेला निरोप मी घेत न्हाई," म्हटलं. "ज्याला काही पाहिजे त्यानं स्वतः यावं."

वाटलं नव्हतं, पण आली. काठी टेकत, पाठीमागं गोधडी घेऊन पूजा. मशीन चालू होती, हॉस्टेलच्या चादरी घुसळत होती. थोरली उंबऱ्यात थांबली. डोळ्यांत मोतीबिंदू, पण मान अजून तशीच ताठ. जुन्या सवयीनं ती मशीनला म्हणाली, "गोधडी धुवून मिळंल का म्हनावं."

"माझ्याकडं बघून बोला, अक्का," मी म्हटलं.

तिनं मान वळवली. बराच वेळ लागला तिला. "शकू," ती म्हणाली, "गोधडी धुवून दे."

किती वर्षांनी तिच्या तोंडून माझं नाव आलं. पूजा माझ्याकडं बघत होती. तिला वाटत असणार, आता आज्जी उठणार, गोधडी घेणार. माझ्या पाठीमागं रवी घरघरत होती, पत्रा वाजत होता, पायाखालची फरशी तिच्याही पायाखाली थरथरत होती.

"मशीन बंद पडली, अक्का," मी म्हटलं.

हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. त्याच्या भीतीनं माझे केस पांढरे झाले. आणि आता बोलले तर काहीच झालं नाही. पत्रा डोक्यावर होता तिथंच राहिला.

थोरलीनं ऐकलं. तिचे कान शाबूत आहेत. ती थरथरत्या फरशीकडं बघत उभी राहिली, मग म्हणाली, "बरं," आणि वळली. भिंतीपर्यंत तिची काठी वाजत गेली. तेवढ्यात चादरींचा घाणा संपला आणि मशीन थांबली. मी त्या काढल्या, पुढचे कपडे टाकले, खाचेत बिल्ला ठेवला आणि ती भिंतीला वळसा घालायच्या आत जीभ आत ढकलली. खट्‍.